मागच्या बसने या

“काका, तुम्हाला स्वतःला येते का हो ही घडी घालता?”

प्रश्न माझा नव्हे. म्हणजे तोंड माझं, आवाज माझा, पण प्रश्न मॅनेजरचा. मॅनेजर ही माझी मैत्रीण. वर्गात कुणी कुणाशेजारी बसायचं, कुणी कुणाशी कट्टी घ्यायची, सगळं तीच ठरवते. शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिने आणि चिमणीने माझ्याशी पैज लावली. चिमणी दिसायला एवढीशी, पण बोलायला लागली की समोरचा खाली बसतो. ती म्हणाली, “रॉकेटला विचारायचं. भर बसमध्ये. नाही विचारलंस तर सोमवारपासून तू परत मनीमाऊ.”

मनीमाऊ म्हणजे गेल्या वर्षापर्यंतची मी. उत्तर येत असलं तरी बेंचकडे बघत बसायची. यंदा शाळा भरताना सूचना वाचायला बाईंनी मला उभं केलं, नेमका माईक बंद पडला, आणि सगळ्या शाळेला कळलं की मला माईक लागतच नाही. मलाही तेव्हाच कळलं. तेव्हापासून मी काही थांबलेली नाही. आई म्हणते, हिचं झाकणच उडालं.

आता रॉकेट. रॉकेट हा आमच्या रस्त्यावरच्या बसचा कंडक्टर. दारात उभा राहतो आणि चढणाऱ्याला जरा वेळ लागला की मोठ्याने उलटे आकडे मोजतो. “दहा… नऊ… आठ…” शून्य झालं की दोरी ओढतो, टण टण, आणि बस सुटते. कोण चढलं, कोण राहिलं, कुणाचा एक पाय आत आणि एक बाहेर, त्याला काही पडलेलं नसतं. ड्रायव्हर तर त्याच्याही वरचा. घंटी वाजली की निघायचं, एवढंच त्याला ठाऊक. मान वळवली तर मोडेल अशा थाटात बसलेला असतो.

लोक हसतात. मीही हसायची. ताईची पाळी येईपर्यंत.

माझी ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. भावोजी लांबच्या गावी नोकरीला, म्हणून ताई आणि तिचं बाळ सध्या आमच्याकडे असतात. बाळाला आम्ही बटण म्हणतो, कारण ते तसं आहे: गोल, घट्ट आणि कुणाच्याही शर्टाला चिकटणारं. ताई त्याला घडीच्या बाबागाडीतून पाळणाघरात सोडते आणि पुढे दुकानात जाते. बसचा नियम असा की बाबागाडीची घडी घालूनच वर चढायचं. नियमाबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण एका काखेत बाळ, खांद्याला पिशवी आणि उरलेल्या हाताने घडी, हे करून बघा कुणीतरी. वर कानाशी रॉकेट सुटायच्या बेतात.

त्या दिवशी ताईने बाळ स्टॉपवरच्या एका बाईंच्या हातात दिलं, घडी घातली, गाडी बसमध्ये ठेवली आणि बाळाला घ्यायला वळली.

“तीन… दोन…”

“अहो थांबा, बाळ घेते!”

“एक. शून्य.” टण टण.

बाबागाडी बसमध्ये आणि ताई, बटण, पिशवी रस्त्यावर. ताई बाळाला छातीशी धरून पळाली. आणि त्याने काय करावं? खिडकीतून वाकून हात हलवला आणि ओरडला, “ओ बाई, मागच्या बसने या!” आख्खी बस खो खो हसली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू बसमध्ये होत्या, त्यांनीच हे आम्हाला सांगितलं. सांगताना त्यासुद्धा थोडं हसल्या, ते मी लक्षात ठेवलंय.

ताई बाळाला कडेवर घेऊन पाळणाघरापर्यंत चालत गेली. दुकानात पोचायला उशीर झाला. मालक म्हणाले, “अजून एकदा असं झालं तर मी दुसरं माणूस बघतो.” रात्री आईने पोळपाटावरच निकाल दिला: “बाळ चालायला लागेपर्यंत नोकरी सोड. कशाला रोजचा अपमान?” बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ताई बाळाची बाटली धूत राहिली. धुतलेलीच बाटली परत परत धूत राहिली. सोमवारी दुकानात जाऊन सांगायचं, असं ठरलं.

“मी नेते ना बाळाला,” मी म्हणाले होते. आई म्हणाली, “तू? त्या कंडक्टरसमोर तुझ्या तोंडातून शब्द तरी फुटेल का?” झाकण उडालंय असं तीच सांगते, आणि वेळ आली की परत झाकण लावते.

दरम्यान बाबांनी डेपोतून गाडी सोडवून आणली. तिची कडी कुणीतरी उघडताना तोडली होती. बाबा बॅगा दुरुस्त करतात. त्यांनी जुन्या सुटकेसची एक भक्कम कडी काढून गाडीला बसवली. पण बाबा डावखुरे. कडी त्यांनी त्यांच्या हाताला सोयीची अशी बसवली, म्हणजे जगाच्या दृष्टीने उलटी. मागच्या दांड्यावर पाय ठेवायचा, डाव्या हाताने कडी खाली न दाबता वर ढकलायची, आणि त्याच हाताने पट्टा खेचायचा. मग गाडी चटकन मिटते. हे माहीत नसेल तर पहिलवान बोलवा, मिटणार नाही. ताई वैतागली. मी मात्र ती गाडी खोलीत नेली, दार लावलं आणि कडेवर उशी घेऊन सराव केला. डोळे मिटूनही जमायला लागलं तेव्हा थांबले.

त्या उलट्या कडीचा फायदा घेणं प्रामाणिकपणाचं होतं का? नव्हतं. मग? दहा आकड्यांत बाळ, पिशवी आणि घडी सांभाळायला लावणं प्रामाणिकपणाचं होतं?

शनिवारी शाळेला सुट्टी. ताईला म्हटलं, “तू पुढे हो, वेळेवर पोच. बटणाला मी सोडते.” ती बघत राहिली, पण गेली. स्टॉपवर मॅनेजर आणि चिमणी आधीच हजर होत्या, केस विंचरून, जसं काही लग्नाला निघाल्या होत्या. बस आली. त्या दोघी चढल्या, दोरीच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीशी बसलेल्या दिसल्या. उत्तमच. साक्षीदाराची सोय झाली.

मी गाडीचं पुढचं चाक पायरीवर ठेवलं. बटण आत बसून स्वतःची मूठ खात होतं.

“घडी!” रॉकेट म्हणाला. “घडी घालून चढायचं. दहा… नऊ…”

आणि मी प्रश्न विचारला. सूचना वाचायच्या आवाजात. शेवटच्या सीटवरच्या माणसाने पेपर खाली केला.

“म्हणजे काय?” रॉकेट म्हणाला. “अशा छप्पन्न गाड्या बघितल्यात मी.”

“बघितल्यात हो. घातल्यात का?”

कुणीतरी फिसकन हसलं. रॉकेटचे कान लाल झाले. “ए पोरी, वेळ घालवू नकोस.”

“मग दाखवा ना पटकन. तुम्हाला तर दहा आकडेसुद्धा लागायचे नाहीत. फक्त एवढं धरा.” आणि बटण उचलून मी त्याच्या हातात दिलं.

माणसाच्या हातात बाळ दिलं की तो धरतोच, नाही म्हणायला त्याला वेळच मिळत नाही. बटणाने लगेच त्याचा शर्ट मुठीत पकडला आणि तिकिटाच्या मशीनचा पट्टा तोंडात घातला. रॉकेट एका हाताने कडी दाबायला लागला. खाली. अर्थातच खाली. कडी हलेना.

“दहा!” मी म्हटलं.

“ए, थांब की!”

“नऊ!” या वेळी मॅनेजर आणि चिमणीही माझ्याबरोबर होत्या.

पायरीवर त्याला वाकता येईना, म्हणून तो खाली रस्त्यावर उतरला. आठला त्याने गाडी हलवली. सातला गुडघा लावला. सहाला बटणाची लाळ त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत पोचली. पाचपासून सगळी बस मोजायला लागली. काकूंचा आवाज तर सगळ्यात वर.

“द्या इकडे,” मी बटणाला घेतलं आणि वर चढले. “तुम्हाला दोन्ही हात लागतायत.”

“तीन! दोन!” त्याने दोन्ही हातांनी गाडीशी कुस्ती धरली होती. टोपी पडली होती. आता तो हट्टाला पेटला होता, बसकडे त्याचं लक्षच नव्हतं. “एक!”

इथपर्यंत पैज होती. पुढचं माझं.

“शून्य,” मी म्हटलं आणि दोरी ओढली. टण टण.

ड्रायव्हर निघाला. त्याला काय, घंटी वाजली. दार मिटलं. मी बटणाला घट्ट धरून मागच्या काचेशी गेले. रॉकेट तोंड उघडं टाकून उभा होता. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो पळायला लागला. गाडी टाकून देता येईना, तिच्यापायी डेपोत जाब द्यावा लागला असता. म्हणून ती ढकलतच पळत होता. रिकामी बाबागाडी पुढे, तिची चिमुकली चाकं गरगरतायत, तिकिटाचं मशीन पोटावर आपटतंय, आणि मागे रॉकेट. फुटपाथवरची माणसं वाकून बाबागाडीत बाळ दिसतंय का बघत होती.

मी खिडकीतून डोकं काढलं. किती दिवस ते वाक्य मी तोंडात घोळवत होते, सांगू? जेवताना, गणितं सोडवताना, झोपताना.

“ओ काका! मागच्या बसने या!”

बस अशी हसली, अशी हसली की ड्रायव्हरने शेवटी मान वळवली. मोडली नाही. पुढच्या स्टॉपला तो थांबून राहिला. रॉकेट आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. मी खाली उतरले, बटण उजव्या कडेवर. पाय दांड्यावर, कडी वर, पट्टा मागे. चटकन.

“अशी,” मी म्हटलं.

तो गाडीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग बटणाकडे. “ती… गाडी राहिलेली बाई,” तो धापा टाकत म्हणाला. “तुझी कोण?”

“ताई.”

मला वाटलं, काहीतरी बोलेल. तो म्हणाला, “शाळेत तक्रार करीन तुझी.”

मी त्याला शाळेचं नाव सांगितलं, इयत्ता सांगितली, तुकडी सांगितली. स्पष्ट, सूचना वाचतात तसं. तो वर चढला. पुढच्या स्टॉपला एक काठीवाले आजोबा चढत होते, काठी आधी, मग हात, मग सावकाश एक एक पाय. सगळे रॉकेटकडे बघत होते. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. आकडा काही निघाला नाही.

बटणाला पाळणाघरात सोडलं आणि मॅनेजरकडे जाऊन आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. संध्याकाळी मी घरी पोचायच्या आधी काकू पोचल्या होत्या. त्या गेल्यावर आईने मला स्वयंपाकघरात उभं केलं. बाबा स्टुलावर, ताई ओट्याशी, बटण तिच्या खांद्यावर पेंगलेलं.

“घंटी तू ओढलीस?” बाबा म्हणाले.

“हो.”

“अगं, कुणी अर्धवट चढलेलं असतं म्हणजे?” आई म्हणाली. “लागलं असतं, पडलं असतं. शोभतं हे? सोमवारी जाऊन त्या माणसाची माफी माग. आणि म्हणूनच म्हणते मी, ही रोजची बसची कटकटच नको. हिने नोकरी सोडलेलीच बरी.”

मी काही बोलणार तेवढ्यात ओट्याकडून चमत्कारिक आवाज आला. ताई रडतेय असं वाटलं मला.

“ढकलत पळाला?” ताई म्हणाली. “गाडी ढकलत?”

“ढकलत. आणि मशीन पोटावर आपटतंय.”

“आणि तू काय ओरडलीस?”

मी सांगितलं. ताई इतकी हसली की तिला बटण आईकडे द्यावं लागलं. ओढणीने डोळे पुसले आणि परत हसली. बस तिच्यावर हसली होती त्याला पाच दिवस झाले होते, आणि तेवढेच दिवस मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. आई बाळाला थोपटत तिच्याकडे बघत राहिली. निकाल तिच्या तोंडावर होता, पण बाहेर येत नव्हता.

म्हटलं, हीच वेळ.

“आई, बाबा, माझं ठरलंय,” मी म्हटलं. “सोमवारी ताई दुकानात जाणार, पण नोकरी सोडायला नाही, काचा घासायला. बटणाला रोज मी सोडणार, शाळेच्या आधी. त्याच बसने, त्याच दारातून. घंटी ओढली ते चुकलं, त्याची माफी मी मागेन, सगळ्या बसला ऐकू जाईल अशी. त्याला पळवलं, त्याची नाही मागणार. आणि बाबा, ती कडी सुलटी करायला घेऊ नका. आहे तशी राहू दे.”