चराच्या तोंडाची वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. तुमच्या घरांना लागते तशी लांबट नव्हे. चौकोनी, ताटाएवढी रुंद आणि पिवळसर. माझी माती मध्य आशियातल्या आमू नदीच्या गाळातली. ख्वारिझमचा एक शहा नदीकाठी किल्ला बांधत होता, तेव्हा आम्हा बहिणींना साच्यातून काढून उन्हात वाळत ठेवले होते. मी ओली असतानाच एक कुत्रा माझ्या अंगावरून चालत गेला आणि पंजा उमटवून गेला. शेजारच्या ओळीतल्या विटांवर मात्र शहाचे नाव उमटवलेले होते. भट्टीतून निघाल्यावर त्या महाद्वाराच्या कमानीत बसल्या आणि मी पागेच्या मागच्या भिंतीत. मला त्यांचा फार हेवा वाटे.

पुढे पूर्वेकडून घोडेस्वार आले. त्यांनी शहाच्या नावाच्या विटा शोधशोधून फोडल्या. पंजाच्या विटेकडे कोणी वळूनही पाहिले नाही. तेव्हापासून मी कोणाचा हेवा करत नाही.

साम्राज्य कसे वाढते, हे मी भिंतीत बसून पाहिले आहे. ते आधी पाणी आणते. नदीतून कालवा निघतो, वाळूवर गहू उभा राहतो, गव्हामागून माणसे येतात, माणसांमागून बाजार येतो आणि बाजारामागून सैन्य. पण मित्रांनो, शेतात आलेल्या पाण्याला बाहेर जाण्याचीही वाट लागते. आमच्या जमिनीच्या पोटात मीठ आहे. पाणी तुंबले की ते वर चढते आणि भर उन्हाळ्यात शेत बर्फ पडल्यासारखे पांढरे दिसू लागते. त्यासाठी निचऱ्याचे खोल चर खणावे लागतात आणि दरवर्षी उपसावे लागतात. शहाने कालव्याच्या मुखाशी आपल्या कीर्तीचा शिलालेख उभारला होता. चरांपाशी कसलाही लेख नव्हता. त्याचे वारस आपसात भांडू लागले, तेव्हा उपसणी पहिल्यांदा थांबली ती चरांची. घोडेस्वार आले तोवर निम्मी शेते पांढरी झाली होती. लोक म्हणतात, राज्य तलवारीने बुडाले. मला तर त्याआधीच धान्याची कोठारे रिकामी होताना दिसली होती.

मग एका खानाच्या गवंड्यांनी मला ढिगाऱ्यातून काढून व्यापारी तांड्यांच्या मुक्कामाच्या सराईत बसवले. सराईच्या भिंती कच्च्या मातीच्या होत्या आणि पायथ्याला आम्ही भाजक्या विटा. तिथे उंटांच्या घंटा ऐकत मी सुखात राहिले. खानानेही कालवे काढले आणि त्याच्या नातवांच्या काळात चर बुजले. त्यानंतर दूरच्या झारचे सैनिक आले; सराईचे शस्त्रागार झाले. त्यांच्यामागून लाल झेंड्याचे राज्य आले आणि शस्त्रागाराचे कापसाचे गोदाम झाले. त्यांच्याएवढे पाणी कोणी आणले नव्हते. हे मात्र कबूल केले पाहिजे की, त्यांनी चरही खणले, यंत्रे लावून खणले. पण एका हिवाळ्यात ते राज्यही, ढोल न वाजता, विरून गेले. गोदामाचे छप्पर बसले, भिंती विरघळल्या आणि मी पुन्हा मातीच्या ढिगाऱ्यात गेले.

आमच्याकडे पडक्या भिंतीची मातीही वाया जात नाही. राख आणि शेण मुरलेली ती माती शेतकरी गाडीत भरून नेतात आणि खत म्हणून पसरतात. कोणाचा तरी दरबार कांद्याच्या वाफ्यात जातो. रीत एवढीच की भरण्यापूर्वी चिमूटभर माती जिभेवर ठेवून पाहायची. मीठ भिंतीच्या पायथ्याशी चढून बसते. तिथली माती खारट लागते, ती घ्यायची नाही.

गेल्या वसंतात जुमानियाज नावाचा शेतकरी गाढवगाडी घेऊन आला. त्याने पायथ्याचीच माती चाखली, मान डोलावली आणि गाडी भरली. तिच्यातून मीही त्याच्या खरबुजाच्या मळ्यात पोहोचले आणि बांधावर पडून राहिले.

त्याची बायको बीकाजान हिच्याजवळ एका जुन्या वाणाचे बी होते. हिवाळाभर आढ्याला टांगून ठेवले तरी गोड राहणारे ते खरबूज. तिच्या आईने दिलेले हे बी गावात दुसऱ्या कोणाकडेच उरले नव्हते. त्यातले निम्मे तिने पेरले आणि उरलेले वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात घालून कमरेला बांधले. कोंब आले, पिवळे पडले आणि जळून गेले. बीकाजानने वाफ्यातली माती जिभेला लावली आणि थुंकली.

"अहो, ही माती तुम्ही चाखून आणली?"

"चाखली ना! जरासुद्धा खारट नव्हती."

"तोंडात काय होतं तेव्हा?"

जिभेखाली तंबाखूची हिरवी पूड धरून ठेवायची त्याची सवय सगळ्या गावाला ठाऊक होती.

"वरून माती, खालून तंबाखू! त्या जिभेला उद्या विंचू चावला तरी कळायचं नाही," बीकाजान म्हणाली. "राहिलेलं बी तुंब्यात आहे आणि तुंबा माझ्याजवळ. शेत धुऊन पाणी बाहेर गेल्याशिवाय एक दाणा मिळणार नाही."

त्याने वरची माती खरवडून काढली आणि शेतात पाणी सोडले. पाणी तिथेच उभे राहिले, कारण मळ्याच्या कडेचा चर पुढे शेजारच्या म्हाताऱ्या मतकरीम-आगांनी बुजवला होता. त्यावर त्यांची गाय बांधलेली असे. नवरा-बायको त्यांच्या अंगणात गेली. म्हातारे चहा पीत बसले होते.

"आगा, तेवढा चर मोकळा करू द्या," जुमानियाज म्हणाला.

"कुठला चर? तो त्या राज्याचा होता बाळा. राज्य गेलं, चर गेला. आता तिथे माझी गाय आहे."

"राज्य गेलं, पण मीठ गेलं का, आगा?" बीकाजानने विचारले. "तुमच्या घराची भिंत बघा खालून. उंदरांनी कुरतडल्यासारखी झालीय. पाणी तुमच्याकडेही तुंबतंय की."

मतकरीम-आगांनी मागे वळून भिंतीला बोट लावले. हातावर पोपडा आला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"तुझी आईही अशीच होती," ते म्हणाले. "पाहुणी म्हणून यायची आणि माणसाला कामाला लावून जायची. गाय सोड रे, जुमानियाज. आणि तोंडातली ती पूड आधी थुंक. फावडं मारताना गिळशील."

तिघांनी मिळून चर उपसला. पण मळ्यातले पाणी जिथे चरात पडे, तिथला काठ सारखा ढासळू लागला. बीकाजानने बांधावरून मला उचलले, माती पुसली, कुत्र्याचा पंजा पाहून हसली आणि मला तिथे आडवे बसवले. काठ थांबला. माझ्या अंगावरून गढूळ, खारट पाणी वाहू लागले. मित्रांनो, शहाच्या पागेत किंवा खानाच्या सराईत कधी वाटले नव्हते इतके हलके मला त्या दिवशी वाटले.

बीकाजानने वाफ्यातली माती पुन्हा चाखली आणि कमरेचा तुंबा सोडला. पेरणीला उशीर झाला होता. पहिले काही दिवस ती रोज सकाळी वाफ्यांपाशी उकिडवी बसे आणि तशीच परत जाई. मग एका सकाळी तिने तिथूनच नवऱ्याला हाक मारली. हाक ऐकूनच मला कळले.

खरबुजे थोडीच आली. शरदात तिने त्यातले एक कापले आणि पहिली फोड मतकरीम-आगांना दिली.

"गोड आहे," ते म्हणाले. "पण गायीला चरापलीकडे बांधावं लागतं, तेवढा कडवटपणा आहे."

बीकाजानने बिया धुऊन कापडावर पसरल्या. त्यातली एक मूठ तिने आगांना दिली आणि बजावले, "तुमच्याकडेही लावा. एकाच घरात बी राहिलं की असा जीव टांगणीला लागतो."

मित्रांनो, मी बऱ्याच राजवटी पाहिल्या आणि मला कोणावरही राग नाही. प्रत्येकीने पाणी आणले, हे काय थोडे आहे? तुमच्याकडे माझी विनंती एवढीच. तुमच्या गावात पाणी कुठून येते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ते बाहेर कुठून जाते, तेही एकदा जाऊन पाहा. तिथे गाळ साचला असेल, तर तो कोणत्या राज्याचा, हे विचारत बसू नका. सध्या हिवाळा आहे. चराचा आपला भाग मतकरीम-आगा स्वतः उपसतात आणि हात पोहोचतो म्हणून जुमानियाजचाही थोडा उपसून जातात.