पाण्याखालून गेलेली तार

मी बोलतोय. इतकी वर्षं माझ्यातून दुसरेच बोलत आले. आज थोडं माझंही ऐकून घ्या.

मी एक फोन आहे. खिशात मावणारा नव्हे. जाड कापडी पिशवीत बसणारा, बाजूला फिरवायचा दांडा असलेला, लष्करासाठी बनवलेला. दांडा फिरवला की तारेच्या दुसऱ्या टोकाला माझ्या जुळ्या भावाची घंटा वाजते. बोलायला मात्र माझ्या पोटात सेल लागतात. लष्कराला आमची गरज उरली नाही तेव्हा आम्ही भंगारात निघालो. तिथून वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात राहणाऱ्या हार्लन स्प्राउसने आम्हा दोघांना उचलून घरी आणलं.

हार्लन रेल्वेत सिग्नल दुरुस्त करायचा. त्याने माझे गंजलेले स्क्रू तेलात भिजवून सोडवले, फाटलेली पिशवी शिवली, रिसीव्हर पुसून पुसून चकचकीत केला. माणूस फारच कमी बोलायचा. माझी चाचणी घेताना "एक, दोन" म्हणून थांबायचा. तीनपर्यंत कधी गेलाच नाही.

त्या भागात जमिनीखाली चुनखडी आहे आणि पाण्याने ती आतून पोखरून ठेवली आहे. हार्लन त्या गुहांमध्ये उतरणाऱ्यांच्या क्लबात होता. आत कुणी पडलं, अडकलं, तर बाहेर काढायला हीच माणसं जायची. कोरीन लिली शाळेची बस चालवायची. एमेट व्हेल्डन इस्पितळात नर्स होता. बाकीचे कुणी सुतार, कुणी दुकानदार. या कामाचा पगार कुणालाच नव्हता. शनिवारी सराव करायचा, चिखलाने माखून बाहेर यायचं आणि ट्रकच्या मागच्या फळीवर बसून बीन्स आणि मक्याचा पाव खायचा, एवढीच कमाई. सरावाला मी खाली जायचो, भाऊ वर राहायचा.

क्लबात सगळ्यात जास्त आवाज ड्वाइट बॅलेंजीचा. तो वेल्डिंग करायचा. हार्लनचा तो जुना जोडीदार. तरुणपणी दोघांनी मिळून तिथल्या कितीतरी गुहा आतून मोजून त्यांचे नकाशे काढले होते. एक बोलायचा, दुसरा लिहून घ्यायचा.

मग वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी आली आणि ती गुहांमध्ये पटापट मरायला लागली. हार्लन म्हणाला, माणसांच्या कपड्या-बुटांवरून हा रोग पसरू शकतो, गुहा बंद ठेवा. ड्वाइटला ते मान्य नव्हतं. बैठकीत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "हार्लन, तू आता राखणदार झालास. राखणदाराला मित्र नसतात." आणि अर्धी माणसं घेऊन तो उठून गेला. डोंगरापलीकडे त्याने वेगळा क्लब काढला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दुकानात समोरासमोर आले तरी हार्लन टोपी खाली ओढून घ्यायचा.

पुढे बंद गुहांपैकी काही उघडल्या. बंद राहिलं ते या दोघांचं तोंड.

एका मार्चमध्ये बातमी आली, टकविलरबाईंच्या कुरणातल्या गुहेत ड्वाइट पडलाय. एक मोठा धोंडा निसटला आणि त्याची मांडी मोडली. बरोबरचा माणूस धावत बाहेर आला होता. हार्लनने आम्हाला ट्रकात टाकलं.

मला कोरीनने पाठीवर घेतलं. तार सोडत सोडत आम्ही आत निघालो. वाटेत एक जागा आहे, तिला सगळे नाकघाशी म्हणतात. छत इतकं खाली येतं की पाठीवर झोपून, नाक दगडाला घासत सरकावं लागतं. खालून ओढ्याचं पाणी वाहत असतं. ती पार केली की मोठं दालन लागतं. ड्वाइट तिथे पडला होता. एमेटने त्याच्या पायाला फळ्या बांधल्या, नाडी पाहिली आणि कोरीनकडे बघून मान हलवली. लवकर न्यायला हवं होतं.

कोरीनने दांडा फिरवला. "पोचलो. शुद्धीवर आहे. मांडी वाईट मोडलीय."

"बरं," वरून आवाज आला.

ड्वाइटने डोळे उघडले. "वर कोण बसलंय?"

"हार्लन," कोरीन म्हणाली.

त्याने मान भिंतीकडे वळवली. "दुसरं कुणी नाही मिळालं?"

"तुला आवडीनिवडी सुचतायत म्हणजे बरा आहेस," एमेट म्हणाला.

रिकामं आत आलेलं स्ट्रेचर ड्वाइटला बांधल्यावर नाकघाशीतून बाहेर जाईना. मागून आलेली माणसं छिन्नी-हातोडा घेऊन दगड फोडत होती. तेवढ्यात वरून हार्लन म्हणाला, "पाऊस सुरू झालाय. जोराचा आहे. सगळ्यांना बाहेर पाठव."

"आणि ड्वाइट?"

तारेत खरखर वाढली. मग तो म्हणाला, "ते तू ठरव, कोरीन. मी सांगणार नाही."

कोरीनने एमेटकडे पाहिलं. तो आधीच ड्वाइटशेजारी मांडी घालून बसला होता. बाकीची माणसं घाईघाईने निघाली. त्या घाईत माझ्या जादा सेलची थैलीही त्यांच्याबरोबर गेली. थोड्याच वेळात नाकघाशीकडून येणारा वारा थांबला. तिथे पाणी छताला टेकलं होतं. आता आत तिघं होती, आणि माझी तार पाण्याखालून बाहेर गेलेली होती. तेवढाच काय तो बाहेरच्या जगाशी संबंध.

पाणी दालनात शिरायला लागलं. गढूळ, फेसाळ, पालापाचोळा घेऊन. ड्वाइटला उंचावर सरकवताना एमेटचा पाय घसरला आणि मी पिशवीसकट पाण्यात पडलो. कोरीनने मला लगेच उचललं, पण माझ्या पोटात पाणी गेलं होतं. सेल निकामी झाले.

"हार्लन? हार्लन!" कोरीन ओरडत होती. माझ्यातून तिचा आवाज पुढे जाईना. त्याचा आवाज मात्र मला येत होता, कारण तो भावाच्या सेलवर चालत होता.

"कोरीन? बोल." मग पुन्हा, "कोरीन." त्याचा श्वास तेवढा मला ऐकू येत होता. शेवटी तो म्हणाला, "तुझे सेल भिजले असतील. ऐकू येत असेल तर दांडा फिरव. त्याला सेल लागत नाहीत."

कोरीनने दांडा फिरवला. वर घंटा वाजली असणार, कारण तिकडून कुणीतरी "देवा रे" म्हणाल्याचं मी ऐकलं.

"बरं," हार्लन म्हणाला. "हो असेल तर एकदा वाजव. नाही असेल तर दोनदा. तिघंही ठीक आहात?"

एकदा.

"पाणी चढतंय?"

एकदा.

"भिंतीवर पांढरा पट्टा आहे. तिथपर्यंत आलं?"

कोरीनने दिवा फिरवला. पट्टा शोधावा लागला. पाणी त्याला लागलंच होतं. तिने एकदा वाजवलं.

ड्वाइटने तिचा हात धरला. "ऐका माझं. मागे उंचावर एक जागा आहे, पोटमाळा म्हणायचो आम्ही त्याला. तुम्ही दोघं चढा. मला ओढत बसलात तर तिघंही जाल."

"गप्प बस," कोरीन म्हणाली.

"याला हलवलं तर आतून रक्त सुटेल," एमेट हळूच म्हणाला. "न हलवलं तर..."

त्याच क्षणी रिसीव्हरमधून हार्लन म्हणाला, "ड्वाइट आता म्हणत असेल, मला सोडा आणि वर जा. म्हणाला का?"

कोरीन चकित होऊन माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने एकदा वाजवलं.

"वाटलंच. त्याचं ऐकू नका. डाव्या भिंतीत पोटमाळ्याच्या तोंडाशी दगडाला आरपार भोक आहे. आम्ही त्यातून दोर ओवला होता. तसाच दोर ओवा, स्ट्रेचर त्याला बांधा आणि दोघं मिळून खाली ओढा, म्हणजे ते वर चढेल. दमाने. ड्वाइट, तुला दुखेल. खूप दुखेल. ओरडायचं तर ओरड, इथे मला ऐकू येत नाही."

भोक सापडलं. दोर ओवला गेला. त्यानंतरचं मला नीट सांगवत नाही. ड्वाइटच्या किंकाळ्या दालनभर घुमत होत्या आणि मी एका कपारीत अडकवलेला, रिसीव्हर लोंबकळत असलेला. त्यातून हार्लनचा आवाज येतच होता. जो माणूस तीनपर्यंत मोजायचा नाही, तो न थांबता बोलत होता.

"टकविलरबाईंनी कुरण खणायला सांगितलं. म्हणाल्या, गवत काय, परत येतं. खोदायचं यंत्र आलंय. गुहेत शिरणारा ओढा वळवतोय आम्ही. ड्वाइट, तुझ्या क्लबाची सगळी माणसं आली आहेत. गवताचे भारे टाकतायत, पोती भरतायत. इकडून तिकडे माणसांची रांग लागलीय. त्यात माझी कोण आणि तुझी कोण, चिखलामुळे ओळखू येत नाही."

शेवटी तिघं पोटमाळ्यावर पोचली. जागा जेमतेम. ड्वाइटचा चेहरा राखेसारखा झाला होता. एमेटने पाय तपासला. म्हणाला, "अजून आपल्यात आहे." कोरीनने मला वर ओढून घेतलं आणि कुणी न विचारता एकदा घंटा वाजवली.

"पोचलात," हार्लन म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "बरं. आता झोपू देऊ नका त्याला."

ड्वाइटने हात पुढे केला. कोरीनने रिसीव्हर त्याच्या कानाशी धरला आणि दांडा त्याच्या हातात दिला.

"ड्वाइट? तूच आहेस?"

एकदा.

"बरं. वटवाघळांच्या बाबतीत माझंच बरोबर होतं. अजूनही तेच म्हणतो."

ड्वाइटच्या हातात त्राण नव्हतं. तरी त्याने दांडा फिरवला, थांबला, दम घेतला आणि पुन्हा फिरवला. दोनदा.

पलीकडे हार्लन हसला. इतक्या वर्षांत मी त्याला हसताना पहिल्यांदा ऐकलं. "तुझ्या जागी दुसरा कुणी असता तरी मी इथे बसलोच असतो," तो म्हणाला. "पण इतका बोललो नसतो."

आणि तार तुटली.

वाहत आलेल्या ओंडक्याने तोडली असेल. खरखरही थांबली. कोरीनने दांडा फिरवून पाहिला, पुन्हा पुन्हा फिरवला. माझ्यात काहीच उरलं नव्हतं. पाणी पोटमाळ्याच्या कडेला आलं. एमेटने एक दिवा विझवला, उजेड पुरवून वापरायला. पाणी कडेवरून आत आलं, कोरीनच्या बुटाला लागलं. तिने पाय मागे घेतला नाही. तिघं एकमेकांना चिकटून बसली होती, आणि रिसीव्हर ड्वाइटने तसाच कानाशी धरून ठेवला होता.

किती वेळ गेला, ते मला माहीत नाही. मग कोरीन म्हणाली, "एमेट, दिवा इकडे धर."

कडेच्या दगडावर ओली रेघ दिसत होती आणि पाणी तिच्या खाली होतं. बोटभर. तिघं त्या रेघेकडे बघत राहिली. रेघेत आणि पाण्यात हातभर अंतर पडलं तेव्हा एमेटने तोंड ओंजळीत झाकून घेतलं.

नाकघाशीत छताखाली वीतभर हवा मोकळी झाली तसा एक दिवा त्या बाजूने लुकलुकत आला. पाण्यातून नाक वर धरून ड्वाइटच्या क्लबातली एक बाई आली होती, लेटा क्रूकशँक. तिच्या मागे नव्या तारेचं टोक आणि गळ्यात रबरी पिशवीत बांधलेले सुके सेल होते.

"हार्लनने पाठवलंय," धापा टाकत ती म्हणाली. "म्हणाला, आधी फोन लाव."

तिने माझं पोट पुसलं, सेल बसवले, तार जोडली. ड्वाइटने कुणाला हात लावू दिला नाही. दांडा स्वतः फिरवला.

"हॅलो," हार्लन म्हणाला. आवाज जवळजवळ गेलाच होता.

"तुझं बोलून झालं असेल तर आता मी बोलू का?" ड्वाइट म्हणाला.

"बोल."

ड्वाइटने तोंड उघडलं, आणि त्याला रडूच फुटलं. तो नुसता रडत राहिला. हार्लन पलीकडे ऐकत होता. त्याने "बरं" सुद्धा म्हटलं नाही.

त्यानंतर नाकघाशी फोडून रुंद केली गेली आणि कितीतरी हातांवरून ड्वाइट बाहेर आला. त्याचा पाय थोडा आखूड राहिला. एप्रिलमध्ये दोन्ही क्लबांची माणसं टकविलरबाईंच्या कुरणात जमली, खणलेला चर त्यांनी बुजवला आणि गवताचं बी पेरलं. बाईंनी पेपरोनी सॉसेज भरलेले पाव केले होते. ड्वाइट काठी टेकत बी टाकत होता आणि "असं नव्हे, असं" म्हणून सगळ्यांना शिकवत होता. हार्लन त्याच्या मागून दाताळं ओढत होता. क्लब मात्र वेगळेच राहिले. वटवाघळांवरून भांडणं तर आणखी वाढली, कारण आता दोघं समोरासमोर बसून भांडायचे.

हार्लन गेल्या हिवाळ्यात गेला. आता सरावाला गुहेच्या तोंडाशी माझ्या भावाजवळ ड्वाइट बसतो.

मी म्हातारा झालोय. दगडातून आवाज पाठवणारी नवी यंत्रं आली आहेत, ती चांगली आहेत, त्यांचा मला हेवा नाही. गावच्या वाचनालयात मला काचेच्या पेटीत ठेवायचं चाललंय, खाली नाव-गाव लिहून. तो मान मला नको. हार्लनमागे मला जिथे ठेवलंय त्या अग्निशमन दलाच्या खोलीतच असू द्या, दाराजवळच्या फळीवर, चटकन हाताला येईन असा. सेल माझ्या पोटात ठेवू नका, ते गळतात. शेजारी सुके ठेवा. तार नीट गुंडाळून ठेवा. आणि एखाद्या दिवशी मला खाली न्यावं लागलं, तर वर अशाच कुणाला बसवा, जो उत्तर आलं नाही तरी रिसीव्हर ठेवणार नाही.