मूळ प्रत

मंगळवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे दोन किलोमीटरवर धावड्याहून जालन्याला निघालेली गाडी बंद पडली. गाडी शेजारच्या अंगदची, चालवणारा नागसेन आणि मागच्या सीटवर दोन बॅगांच्या मध्ये त्याची थोरली बहीण सुमेधा. बेल्ट तुटला होता. नागसेनने बॉनेट उघडून बघितलं, परत लावलं आणि मेकॅनिकला फोन केला.

"येऊन राह्यला म्हणे," तो म्हणाला. "जल्दी येतो म्हणला. म्हणजे तासभर तर गेलाच."

सुमेधाच्या हातात वेळ होता. जालन्याहून मुंबईची रेल्वे संध्याकाळी सव्वासातला, तिथून मालदीवच्या राजधानीचं, मालेचं, विमान बुधवारी दुपारी, आणि तिच्या बेटाकडे जाणारी बोट गुरुवारी सकाळी. त्या बोटीनंतरची बोट थेट शनिवारी. शाळेत हजर होण्याची तारीख गुरुवारच होती. गेल्या वर्षी समुद्र खवळल्यामुळे बोट निघाली नाही आणि ती एक दिवस उशिरा पोचली, तर तशी नोंद तिच्या फाइलला लागली. यंदाच्या पत्रात शेवटची ओळ वेगळी होती: हजर न झाल्यास जागा प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला दिली जाईल.

मालदीवमध्ये गणित शिकवायचं तिचं हे चौथं वर्ष. त्याआधी सहा वर्षं ती जालन्यात तासिका तत्त्वावर शिकवत होती, आणि दर जूनमध्ये आपल्याला परत बोलावतील की नाही याची वाट बघत होती. बेटावर निदान वर्षभराचा करार तरी होता. पण सुट्टी संपली की बॅग भरताना हात जड व्हायचे, आणि ते दरवर्षी थोडे जास्त जड व्हायचे.

कडुनिंबाखाली बसून तिने डबा क्रमांक बघायला फोल्डर उघडलं. तिकिटाखाली पासपोर्टचं रेक्झिनचं कव्हर होतं. ते हाताला पातळ लागलं. उघडलं तर रिकामं. मागे प्लास्टिकच्या पाकिटात पासपोर्टच्या रंगीत झेरॉक्सचे दोन संच, नीट टाचणी लावलेले.

तिला लगेच कळलं.

वडील रामकिसन तहसीलमधून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. सुमेधाच्या जात पडताळणीच्या वेळी एका कचेरीने मूळ दाखला घेतला आणि हरवला. दुसरा मिळवायला तीन वर्षं गेली, तेवढ्या काळात तिची एक भरती हुकली. तेव्हापासून घरातला कोणताही कागद उंबरा ओलांडायचा म्हटला की रामकिसन आधी त्याची झेरॉक्स काढत. मागची तीन वर्षं आदल्या दिवशी काढली होती. यंदा आदल्या दिवशी धावड्यात लाइट नव्हती, म्हणून निघायच्या दिवशीच सकाळी साडेअकराला ते फोल्डर काखेत घेऊन शिवाजीच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. पान सपाट यावं म्हणून त्यांनी कव्हर काढलं होतं.

तिने फोन लावला.

"बाबा, पासपोर्ट कुठंय?"

"फोल्डरात. वरच्यावरच ठुलाय."

"वरच्यावर झेरॉक्स हाय. कव्हर रिकामंय."

मग रामकिसन म्हणाले, "झेरॉक्सच्या काचंवर राह्यला, बाई." आणि फोन बंद न करताच ते निघाले. सुमेधाला चपलांचा आवाज ऐकू येत होता, आणि मागून आई, कांताबाई, "काय झालं? अवो, काय झालं?" असं विचारत होती.

पंधरा मिनिटांनी शिवाजीनेच फोन केला. "जय भीम ताई. काचंवर आता काई न्हाई. पण तुमचे बाबा गेल्यावर झाकण उघडलं तं निळं पुस्तक व्हतं, मी काउंटरवर ठुलं. तेवढ्यात बेबीनंदाताई आल्त्या, अंगणवाडीवाल्या. त्यांचा कागदांचा हा एवढा गठ्ठा. मला वाटतं गठ्ठ्यात गेलं."

"त्या कुठंयत?"

"भोकरदनला. मीटिंग हाय पंचायत समितीत. साडेबाराच्या बसनं गेल्या. फोन बंद लागून राह्यला."

नागसेन ऐकत होता. "म्हंजी पासपोर्ट आपल्या पुढं गेला," तो म्हणाला. "बरंय की, तोच जाऊ दे मालदीवला. शिकवील गणित."

"नागसेन."

"बरं, न्हाई बोलत."

मेकॅनिक आला, बेल्ट बसला. दोन चाळीसला ते निघाले आणि दोन पन्नासला पिंपळगावात अडकले. मिरचीचा बाजार भरला होता. हिरव्या मिरचीची पोती घेऊन टेम्पो, छोटा हत्ती, मोटारसायकली सगळे एकाच तोंडाने आत शिरत होते आणि मापं झालेले ट्रक त्याच तोंडाने बाहेर पडायला बघत होते. तिखट हवेने डोळ्यांना पाणी यायला लागलं. सुमेधाने ते पुसलं नाही. एका ट्रकवाल्याशी नागसेनची बाचाबाची झाली.

"मागं घे की!"

"तू घे. माझ्या मागं पंधरा हायेत."

"माझी बहीण परदेशात चालली, भाऊ. विमान हाय."

"मंग इमानानंच यायचं ना इथवर," ट्रकवाला म्हणाला, आणि तरीही त्याने दोन हात जागा दिली.

एक तास गेला. त्या तासात सुमेधाच्या मनात एकदा येऊन गेलं की नाही सापडला तर बरं. परत धावड्याला जावं, पंख्याखाली झोपावं, चार दिवस कुणाशी बोलू नये. विचार फार तर मिनिटभर टिकला. मग जूनमध्ये जालन्याच्या कॉलेजात व्हरांड्यातल्या बाकावर बसून काढलेल्या सकाळी आठवल्या, आणि तिने परत बेबीनंदाचा नंबर लावला. बंद.

गावाबाहेर पडल्यावर धावड्याकडे जाणारी लाल बस समोरून गेली. दोघांनीही तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

चार वीसला ते पंचायत समितीत पोचले. मीटिंग वरच्या मजल्यावर होती. बेबीनंदा दारातच भेटली. पन्नाशीची बाई, काखेत तोच गठ्ठा. सुमेधाला बघून तिचा चेहरा आधी खुलला आणि मग उतरला.

"अगं, तू इथं? मी तं तुझा पासपोर्ट धावड्याला धाडला!"

"कुणाजवळ?"

"बशीत बसल्यावर बघितलं तं तुझा फोटो. नंबर न्हवता माझ्याजवळ कुणाचा, अन् फोनची बॅटरी मेलेली. म्हणलं, पोरगी तिकडं कासावीस झाली असंल. मंग तीच बस पावणेचारला परत चालल्ती. कंडक्टरच्या हातात देऊन आले, मीटिंगमधून उठून! चिठ्ठी लावली, रामकिसन यांना बस स्टँडवर देणे." ती कपाळाला हात लावून पायरीवर बसली. "उलटंच झालं गं माझं."

"तुमचं काय चुकलं, मावशी," सुमेधा म्हणाली. ते खरं होतं. कुणाचंच फारसं चुकलं नव्हतं, आणि त्यामुळे रागवायलाही कुणी उरलं नव्हतं.

नागसेनने हिशेब मांडला. बस अजून मिरचीतच असणार. सुमेधाने बसने जालन्याला पुढे जायचं, स्टेशन गाठायचं. तो मागे जाणार, कंडक्टरकडून पासपोर्ट घेणार आणि सरळ जालन्याला येणार.

"दोघंबी मागं गेलो तं गाडी गेलीच समज," तो म्हणाला. "तू पुढं हो. मी आणतो."

"पासपोर्टशिवाय गाडीत बसून काय करू?"

"बसू नको. फक्त उभी राहा तिथं."

पाच वाजून पाच मिनिटांनी जालन्याची बस निघाली. दोन बॅगा तिने सीटखाली ढकलल्या. दर दहा मिनिटांनी रामकिसन यांचा फोन येत होता. चिठ्ठीचं तिने कळवल्यापासून ते धावड्याच्या स्टँडवर उभे होते. "अजून न्हाई आली बस," ते सांगत. मग थोडं थांबून, "मी काढायलाच नको पाह्यजे व्हती झेरॉक्स."

"बाबा, बसा कुठंतरी. ऊन हाय."

"न्हाई बसत."

पाच पंचवीसला नागसेनचा फोन आला. बस बाजाराच्या तोंडाशीच अडकलेली होती. तो गाडी बाहेर ठेवून पोत्यांमधून चालत गेला. कंडक्टरने चिठ्ठी दाखवली आणि त्याला बापाचं नाव विचारलं, आजोबाचं विचारलं, आणि शेवटी फोटोतल्या नाकाशी त्याचं नाक ताडून पासपोर्ट दिला. सुमेधाने वडिलांना कळवलं. ते म्हणाले, "मंग जाऊ घरी?" आणि नंतर, "उभाच राहतो जरासा."

सहा पंचेचाळीसला ती जालन्याच्या स्टँडवर उतरली. रिक्षात असताना, सहा एकावन्नला, नागसेनचा पुन्हा फोन आला. राजूर मागे टाकून आठ किलोमीटर झाले होते, जालना अजून सतरा किलोमीटरवर होतं, रस्ता मोकळा होता, पासपोर्ट खिशात होता.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तिने दोनदा लावला, दोन्ही वेळा रेंजबाहेर.

सात वाजून सात मिनिटांनी गाडी वेळेवर फलाट क्रमांक एकवर आली. सुमेधा दोन बॅगांसह तिच्या डब्याच्या दारासमोर उभी होती. गाडी सुटायला आठ मिनिटं होती.