सातवर वाजवलेली घंटा

मित्रांनो, घंटेला जीभ असते हे तुम्हाला माहीतच आहे. पण तिला वैरही धरता येतं, हे आज माझ्याकडून ऐका! मी नागपुरातल्या इतवारीच्या नवजवान मुष्टी मंडळाची जुनी पितळी घंटा. माझा जन्म भंडाऱ्याचा. ज्या तांबटाने मला ओतलं, तो पहिला टोला देऊन म्हणाला होता, "वा! हिले खोटं बोलताच नाही येणार." बिचारा! त्याला चंपतराव कुठे ठाऊक होता!

मंडळात मला रिंगणाच्या खांबाला टांगलं. काम सोपं होतं. टोला पडला की फेरी सुरू, तीन मिनिटांनी पुन्हा टोला पडला की फेरी संपली. दर दसऱ्याला मला चिंचेने घासत, झेंडूचा हार घालत. सन एकोणीसशे बारामध्ये कामठीचा ओमप्रकाश जिंकला, तेव्हा लोकांनी त्याच्याबरोबर मलाही खांद्यावर घेतलं होतं! मात्र माझी दोरी आणि वेळेचं घड्याळ, दोन्ही एकाच माणसाच्या हाती होतं. चंपतरावाच्या.

सन सव्वीसची शेवटची लढत मी विसरणार नाही. एका बाजूला उमरेडहून आलेला कवडू, इथेच इतवारीत हातमागावर लुगडी विणणारा. दुसऱ्या बाजूला मालगुजाराचा मुलगा मारोतराव. मंडळाची जागा त्याच्याच बापाने दिलेली. पाचव्या फेरीत कवडूचा डावा ठोसा असा बसला, की मारोतराव आडवा! पंच रामाजी मोजू लागले; दहापर्यंत उठला नाही, तर हरला. एक, दोन, तीन... सात म्हणाले आणि चंपतरावाने माझी दोरी ओढली. फेरीला अजून एक मिनिट होतं, मित्रांनो! मी त्याच्या शेजारीच टांगलेली, घड्याळ मला दिसत होतं. पण घंटा झाली म्हणजे मोजणी थांबली. मारोतरावाच्या तोंडावर पाणी मारून त्याला उभं केलं. शेवटच्या फेरीत कवडूचं लक्षच लागेना. तो माझ्याकडे पाहत राहिला, जणू विचारत होता, काहून? तेवढ्यात समोरून ठोसा आला.

विजेत्यांच्या फळ्यावर मारोतरावाचं नाव लागलं. कवडू मागावर परतला आणि त्याने मुठी पुन्हा कधी उचलल्या नाहीत.

त्या दिवसापासून मी सुडासाठी तळमळत होते. मला दात नाहीत, नाहीतर दात खाल्ले असते. ज्या जिभेने मी खोटं बोलले, तीच जीभ घेऊन मी बारा वर्षं लटकले.

पुढे लढती बंद पडल्या. रिंगणात गवत उगवलं. मला कोणी घासेना, मी हिरवी पडले. रविवारी दुपारी जुनी मंडळी येऊन एक खेळ तेवढा खेळत, "लढत लागली असती तर!" फळ्यावरचे दोन विजेते घ्यायचे, कधीच समोरासमोर न आलेले. एकेकाच्या बाजूने एकेकाने बोलायचं. तोंडानेच ठोसे, तोंडानेच बचाव. फेरी मात्र बरोबर तीन मिनिटांची. दोरी आणि घड्याळ? अजून चंपतरावाकडेच!

अशाच एका रविवारी कवडूची चौदा वर्षांची मुलगी उत्तरा, रामाजींच्या घरी लुगडं पोचवून मंडळावरून चालली होती. आत मारोतराव खुर्चीत फुगून बसला होता.

"आहे का कोणी माझ्यासमोर? ओमप्रकाशले तर मी मागच्या रविवारीच झोपवला!"

"मी उभा करते," दारातून उत्तरा म्हणाली. "माझ्या बाबाले."

"कवडूले?" चंपतराव खो खो हसला. "फळ्यावर नाव तरी आहे का त्याचं? घरी जाय वं पोट्टे, चूल पाह्य!"

"काहून काका, भेव लागते का? तोंडानंच तर लढायचं आहे!"

सगळे हसले. मारोतरावाचे कान लाल झाले. "येऊ दे तिले! कोणत्या फेरीपासून?"

"चार बरोबरीत धरा. पाचवीपासून लावा."

चंपतरावाने टोला दिला. उत्तराने परकर खोचला आणि सुरू झाली. काय बोलत होती पोरगी! "मारोतराव पुढे आले. बाबा वाकले. डावा हात निघाला, मागावरचा धोटा सुटते ना, तसा! हा बसला जबड्यावर! मारोतराव आडवे! रामाजीकाका, मोजा!"

रामाजी रंगात येऊन उठलेच. "एक... दोन..." मारोतरावाने खुर्चीचे हात घट्ट धरले. "पाच... सहा... सात..."

ठण्ण!

चंपतराव आपल्याच हाताकडे असा पाहू लागला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"घड्याळ दाखव, चंपत," रामाजी म्हणाले.

"अरे, चुकून गा..."

"दाखव म्हणतो ना बे!"

फेरीला अजून दीड मिनिट बाकी होतं.

"बाबा म्हणतात, सात ऐकू आलं, आठ कधी आलंच नाही," उत्तरा म्हणाली. "खेळातही तुमचा हात सातवरच गेला, काका."

मित्रांनो, बारा वर्षांनी माझ्या अंगात गार वारा खेळला! मारोतराव उठला. जोड्यात पाय घालताना त्याचा तोल गेला. कोणी हात दिला नाही.

"उद्या रंगाऱ्याले बोलावून कवडूचं नाव लिहून घेऊ," रामाजी म्हणाले.

"उद्या नाही, आत्ता," उत्तरा म्हणाली. "अन् रंगारी काहून? चंपतकाकांनीच लिहायचं."

त्यालाच मारोतरावाचं नाव राकेलने पुसावं लागलं. कवडूचा 'क' वाकडा आला. उत्तराने तो पुसून पुन्हा लिहायला लावला. दोनदा! मला तर दहादा चाललं असतं.

पुढच्या रविवारी स्वतः कवडू आला. केसांत सुताची कुसं तशीच. त्याने फळा वाचला. मग माझ्याकडे आला, तेव्हा मी अंग चोरलं. त्याने माझ्या कडेवर बोटं ठेवली.

"आठ," तो हळूच म्हणाला. "नऊ. दहा."

आणि दोरी त्याने स्वतः ओढली.

आता माझी एवढीच विनवणी आहे, मित्रांनो. मला चिंचेने घासा, हिरवी पडू देऊ नका, दसऱ्याला हार घाला. पण माझी दोरी ज्याच्या हाती द्याल, तो हात आधी नीट पाहून घ्या. मला हात नाहीत, मी त्याला अडवू शकत नाही.

चंपतरावाला मी माफ केलं का? मुळीच नाही! तो अजून रविवारी येतो. दोरीला त्याला कोणी हात लावू देत नाही, तरी जुन्या सवयीने तो बरोबर माझ्या खालीच बसतो. दोरी उत्तराच्या हाती असते. आणि मी त्याच्या टकलावर जीव तोडून वाजते. मोजून, पुऱ्या तीन मिनिटांनी.