तीन भोकांची फळी

सोमवार, १२ मार्च २००७, सकाळी साडेसहा. शेंदूरजनाघाटला उत्तमरावांच्या संत्र्याच्या शेडवर भागीरथाबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि आपल्या नेहमीच्या पोत्यावर बसायला त्या वाकल्या. तेवढ्यात मुकादम श्रावण म्हणाला, "मावशी, बसू नका. आता तुमचं काम नाई."

"आज नाई?"

"आज बी नाई, उद्या बी नाई."

श्रावणच्या काखेत प्लायवूडची एक फळी होती. दीड फूट लांब, वीतभर रुंद, तीन गोल भोकं पाडलेली. भागीरथाबाईंनी ती ओळखली. ती त्यांच्या मुलीनं, मायानं, तयार केली होती आणि कोणतं भोक केवढं ठेवायचं हे त्यांच्याच हातावरून ठरलं होतं.

त्यांनी चपला घातल्या आणि घरी गेल्या. मायाला हे तीन दिवस कळलं नाही.

माया पुण्यात एका डिझाइन संस्थेत समकालीन डिझाइन या विषयात मास्टर्स करत होती, शेवटचं वर्ष. हे शिक्षण म्हणजे नेमकं काय, ते गावात समजावून सांगणं तिनं पहिल्या दिवाळीतच सोडलं होतं. डिझाइन म्हटलं की बाया विचारत, "म्हंजे ब्लाउजचे गळे?" समकालीन म्हटलं की गप्प होत. भागीरथाबाई मात्र विचारणाऱ्याला बिनदिक्कत सांगत, "वस्तू चांगली कशी बनवा, ते शिकून राह्यली."

शेवटच्या वर्षी एकच मोठा प्रकल्प असे आणि पदवी त्याच्यावरच ठरे. विषय ठरवायच्या दिवशी गाईड मॅडम म्हणाल्या होत्या, "तू विदर्भातली. तुझ्याकडे विषय चालत आलाय." त्या दिवसांत पुण्याच्या पेपरांत अमरावती, अकोला, यवतमाळ ही नावं एकाच कारणासाठी छापून येत. मायानं सांगितलं, आमच्याकडे शेती नाही. वडील, धर्मपाल, वरूडच्या बाजारात हमाली करायचे, ती दहावीत असताना गेले. आई संत्री निवडते. मॅडम म्हणाल्या, "मग संत्री." तरी अहवालाच्या पहिल्या पानावर, 'संदर्भ' या मथळ्याखाली, शेतकरी आत्महत्यांचे आकडे घालायला त्यांनी लावलेच. मायानं ते टाइप केले. तिच्या घरातल्या कोणाचाही त्यांच्याशी संबंध नव्हता.

भागीरथाबाई बावीस वर्षं संत्री निवडत होत्या. ढिगातून दोन्ही हातांनी एकेक फळ उचलायचं आणि न पाहता चार ढिगांत टाकायचं: चुरी म्हणजे बारीक माल, मग मधला, मोठा आणि खास. बाकीच्या बाया आपला ढीग बरोबर आहे की नाही ते त्यांच्या ढिगाकडे पाहून ठरवत. त्यांना दीड रोज, म्हणजे इतरांच्या दीडपट मजुरी, मिळे. मुख्य म्हणजे शेडवर त्यांना नावानं हाक मारत. बाकीच्यांना नुसतं "ए बाया".

नोव्हेंबरात आंबिया बहाराचा माल सुरू झाला, तेव्हा माया तीन आठवडे आईच्या बाजूला व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसली. आईनं टाकलेलं प्रत्येक फळ ती मोजून वहीत लिहायची. दोन हजार चारशे फळं झाल्यावर तिनं आलेख काढला. एका ढिगाची हद्द संपून दुसऱ्याची कुठे सुरू होते, त्यात आईचा हात दोन मिलिमीटरहून जास्त कधी चुकला नव्हता. फोनवर मॅडम ओरडल्याच, "अगं, तुझी आई म्हणजे यंत्र आहे!"

मायानं हे आईला सांगितलं. भागीरथाबाई हसल्या. "यंत्राले थंडं व्हाले तरी सुट्टी भेटते."

फळी अकोल्याला तयार झाली. माया डिप्लोमाला असताना अकोल्यात मामाकडे राहायची आणि घरामागेच बशीर मिस्त्रीचा सुतारकामाचा कारखाना होता. तीन भोकं, तीन मापं. सगळ्यात लहान भोकातून पडलं ते चुरी, मधल्यातून पडलं ते मधला, मोठ्यातून पडलं ते मोठा, आणि कशातूनच पडलं नाही ते खास. भागीरथाबाईंनी फळी मांडीवर घेऊन एक पेटी निवडून पाहिली.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पण भोकाले आकारच कळते. फोफसं फळ कसं कळन?"

फोफसं म्हणजे वरून मोठं दिसणारं, पण आत फोडी आक्रसलेलं, सालीत हवा भरलेलं फळ. हाताला ते वजनावरून कळतं. मायानं ही गोष्ट अहवालात पान ६१ वर, 'मर्यादा' या मथळ्याखाली लिहिली. पान ६४ वर, अगदी शेवटी, तिनं लिहिलं: 'हा आराखडा सर्वांसाठी खुला आहे. कोणीही विनामूल्य वापरावा.' हे वाक्य तिला स्वतःला फार आवडलं होतं. फेब्रुवारीत एक फळी आणि अहवालाची एक झेरॉक्स चाचणीसाठी उत्तमरावांकडे ठेवून ती पुण्याला परतली.

गुरुवारी, १५ मार्चला, ती आली ती पत्रासाठी. वस्तू खरोखर वापरात आहे असं वापरणाऱ्याचं पत्र जोडल्याशिवाय संस्था प्रकल्प स्वीकारत नसे. मुदत २६ मार्चची. बसमधून उतरून ती बॅगेसकट आधी शेडवर गेली.

नऊ बाया बसल्या होत्या आणि नऊही जणींच्या मांडीवर फळ्या होत्या. त्यातल्या दोघी जेमतेम अठराच्या. रांगेच्या तोंडाला आईचं पोतं असायचं, तिथे रिकाम्या पेट्या रचल्या होत्या.

"आई कुठं हाय?" तिनं श्रावणला विचारलं.

"घरी. काहून, सांगतलं नाई तुले?" श्रावण तिच्याकडे न पाहता पेट्यांना खिळे ठोकत राहिला.

उत्तमरावांनी आतून हाक मारली. "ये बेटा, ये! चहा सांग रे श्रावण. अवं, काय फळी काढली तुनं! काल आलेली पोरगी आज माल काढून राह्यली, पाह्यलं का? तुमच्यातली पोरगी एवढी हुशार निघन, वाटलं नव्हतं मले."

"आईले काहून काढलं, भाऊ?"

"काढलं कुठं? आता दीड रोज कायचा देऊ, तूच सांग. अन् बावीस वर्ष ज्या बाईले मान देल्ला, तिले आता सांगू का, की एका रोजावर बस? मले लाज वाटते ना." खरंच वाईट वाटत असावं असा त्यांचा चेहरा होता. "तुले पत्र लागते ना? टाइप करून ठेवतो. शिक्का मारून देतो. केव्हाई ये."

माया चहा येण्याआधी उठली. पत्र तिनं मागितलं नाही.

घरी भागीरथाबाई सुपात तूर निवडत बसल्या होत्या. खडे एकीकडे, डाळ एकीकडे, सुपाकडे न पाहता.

"फोनवर सांगितलं काहून नाई?" मायानं दारातूनच विचारलं.

"काय सांगू? तुई फळी पास झाली म्हणून?"

माया ओट्यावर बसली. म्हणाली, "मी ते पत्र घेत नाही. दुसरा विषय घेते. एक वर्ष जाईल, जाऊ दे."

"अन् त्या वर्षाचं कोण पाह्यन? मी त घरी बसली."

"तू शिकवलंस कशाला मग मला? तुला कळलं नाही, फळी आल्यावर काय होईल?"

"तुले कळलं नाई?" भागीरथाबाईंनी सूप खाली ठेवलं. "तू त सोळा वर्ग शिकली. मले वाटलं, पुण्याले जाईन फळी. कपाटात ठेवतीन काचेच्या. पाहुणे येतीन, पाह्यतीन. शाळेतल्या वस्तू कोणी खरोखरच्या वापरते, हे मले का मालूम?"

भागीरथाबाईंनी सूप पुन्हा उचललं.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं माया अमरावतीला आणि तिथून अकोल्याला गेली. बशीर मिस्त्रीच्या कारखान्यात भिंतीशी फळ्यांची चवड उभी होती. तिनं मोजल्या नाहीत. मिस्त्रीनंच सांगितलं.

"साठ का ऑर्डर है, बेटा. वरूडके दो सेठ हैं, एक मोर्शीवाला. ये देख, किनारी घिसून देतो मी, तू बोलली होती तशी. फळाले खरोच नाई येत."

"चाचा, हे बंद करा."

बशीर मिस्त्रीनं पॉलिश पेपर बाजूला ठेवला. "क्या हुआ?"

तिनं सांगितलं. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"तुनेच लिख के दिया ना, कोईभी बना सकता. उत्तमरावनं तो कागज भेजा होता. अमरीननं पढ़ के सुनाया मेरेकू." अमरीन त्यांची मुलगी, नववीत होती. "मैं खुश हुआ. बोला, देखो, पढ़ाई ऐसी होना." मग हळू आवाजात, "मी बंद करतो, बेटा. तू म्हणशीन त आज करतो. पण कल दुसरा करेगा. उसके सुराख टेढ़े आयेंगे, इतनाच फरक."

माया निघाली तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, "अम्मी अच्छी है ना?" आणि मग स्वतःच मान खाली घातली.

रात्री आठला ती घरी पोचली, तेव्हा फडताळात, आरशाच्या मागे, चार घड्या घातलेला एक कागद होता. भागीरथाबाई सकाळी दहाला शेडवर गेल्या होत्या. उत्तमरावांनी अडीच वाजता पत्र दिलं. साडेचार तास त्या रिकाम्या पेट्यांजवळ उभ्या होत्या. पहिला शिक्का पुसट उमटला म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा मारून घेतला.

मायानं कागद उलगडला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: 'या फळीमुळे अनुभवी मजुरांवरील अवलंबित्व संपले आहे.'

"वाचलं तू?" तिनं विचारलं.

"वाचलं," भागीरथाबाई म्हणाल्या. त्या चौथी शिकल्या होत्या. "ते 'अवलंबित्व' नाई समजलं. चांगलं हाय का?"

"चांगलं आहे," माया म्हणाली.

२६ मार्चला प्रकल्प दाखल झाला, पत्रासकट. त्याआधी मायानं मॅडमना विचारलं होतं, की आईचं काय झालं त्यावर एक पान जोडू का. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांचे डोळेही पाणावले. मग म्हणाल्या, "ते वेगळं संशोधन होईल, माया. ज्युरीला गोंधळात टाकू नकोस." मायानं पान जोडलं नाही. पहिल्या पानावरचे आत्महत्यांचे आकडे तेवढे तिनं काढायला घेतले होते. मॅडमनी तेही राहू द्यायला सांगितले.

९ एप्रिलला ज्युरी झाली. मायाला वर्गात सर्वांत वरची श्रेणी मिळाली. एक परीक्षक म्हणाले, इतकी साधी वस्तू आणि केवढी माणुसकी. फळी आता संस्थेच्या व्हरांड्यात काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे, तिच्यावर मायाचं नाव, वर्ष आणि साहित्य: प्लायवूड.

त्याच आठवड्यात उत्तमरावांचा दिल्लीला गेलेला एक ट्रक तक्रार घेऊन परत आला. पेट्या मापाला अचूक होत्या. पण तिथल्या व्यापाऱ्यानं फोडल्या त्यातली तिसरा हिस्सा फळं फोफशी निघाली. उत्तमरावांनी शेडवरच्या बायांना फैलावर घेतलं. त्यातली एक म्हणाली, "फळीतून पडलं ते टाकलं, भाऊ. तुमीच सांगतलं होतं."

१७ एप्रिलला, माया गावी आल्याच्या तिसऱ्या दिवशी, श्रावण संत्र्याची एक पेटी खांद्यावरून घेऊन आला आणि अंगणात ठेवली. भरीव आणि फोफशी फळं मुद्दाम एकत्र केलेली होती. निरोप असा होता, की भाऊ म्हणतेत, वजनाचं बी काही तरी काढ. मावशीले सगळं मालूम हाय, त्या सांगतीन तुले. या खेपेला भाऊ खर्च बी देतीन.

"अन् मावशीचं काम?" मायानं विचारलं.

"ते काही बोलले नाई," श्रावण म्हणाला.

विहिरी आटल्यामुळे त्या उन्हाळ्यात गावाभोवतीचे जुने बगीचे तोडले जात होते. भागीरथाबाई तिथे लाकडं उचलायला जाऊ लागल्या होत्या. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना त्या पेटीजवळून जात, पण थांबत नसत. मायाचं कॅलिपर बॅगेतच होतं. तिनं दोन ठिकाणी नोकरीचे अर्ज पाठवले होते, उत्तर आलं नव्हतं.

२४ तारखेला सकाळी पेटीतली फळं दोन भागांत लावलेली दिसली. मधे वाळलेल्या गवताची एक ओळ. मायानं डाव्या बाजूचं एक उचललं, मग उजव्या बाजूचं. डावं हलकं होतं. तिनं दोन्ही जिथल्या तिथे ठेवली. आईला तिनं विचारलं नाही, आईनंही सांगितलं नाही.

शनिवारी, २८ एप्रिलला, श्रावण पुन्हा येऊन गेला. पेटी अंगणातच होती. वरची फळं सुकायला लागली होती. मायानं त्याला सांगितलं, अजून ठरलं नाही.