आंद्रिसचं देवक

आंद्रिस लाटव्हियातून चिखल विकतो, हे हौसेरावांना कळलं तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. हौसेराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडींच्या टोळीचे मुकादम. आयुष्यात त्यांनी नाना प्रकारची पोती उचलली होती, पण परदेशी चिखलाचं पोतं पाठीवर घ्यायची वेळ कधी आली नव्हती.

"आपल्याकडं चिखल कमी हाय का?" त्यांनी विचारलं.

"पप्पा, पीट म्हणतात त्याला," जाई म्हणाली. "दलदलीतली माती असते. नाशिकचे नर्सरीवाले त्यात रोपं लावतात."

"म्हंजे चिखलच."

जाईने वाद घातला नाही. न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात ती लोकांचे अडकलेले कंटेनर सोडवायची, आणि आंद्रिसचा चिखलही तिनेच सोडवला होता. पहिल्या कंटेनरला 'आदरणीय मॅडम' अशी सुरू झालेली ईमेल तिसऱ्या कंटेनरपर्यंत 'प्रिय जाई'वर आली. पाचव्या कंटेनरला कसलीच अडचण नसताना तो स्वतः चौकशीला मुंबईत येऊन थडकला. माती सुखरूप पोचली का हे बघायला माणूस एवढ्या लांबून येतो, म्हणजे प्रकरण मातीचं नाही, हे ऑफिसात सगळ्यांना कळलं. सगळ्यात शेवटी जाईला कळलं.

आंद्रिसला मराठी येत होतं, पण एकाच प्रकारचं. त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता जाई दुसऱ्या फोनवर ट्रेलरवाल्यांना झापत असे, आणि तो मन लावून ऐकत असे. त्यामुळे कोपरखैरण्याच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा त्याने वाकून हौसेरावांच्या पायांना हात लावला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "भाऊ, गाडी मागं घे."

हौसेराव एक पाऊल मागे सरकले. मुलगा त्यांना बरा वाटला.

लग्न कुठे करायचं यावर मात्र दोन महिने काथ्याकूट झाला. आंद्रिसच्या घरच्यांना समुद्र पाहिजे होता, हौसेरावांना सातारा पाहिजे होता, आणि जाईचा धाकटा भाऊ निशांत याला डेस्टिनेशन वेडिंग पाहिजे होतं.

"ते किती लांब असावं लागतं?" हौसेरावांनी विचारलं.

"लांब म्हणजे, एअरपोर्टला जावं लागेल एवढं तरी पाहिजे."

"उरण नव्या एअरपोर्टच्या पुढं हाय."

निशांतने फोनवर नकाशा काढून पाहिला. उरणचा किनाऱ्यावरचा एक रिसॉर्ट ठरला. साताऱ्याच्या भावकीला समुद्र बघायला मिळणार होता, लाटव्हियाच्या पाहुण्यांना सातारा बघायला मिळणार होता, आणि जाईला वाटलं, सुटले.

तेवढ्यात वेणूबाई आली.

वेणूबाई म्हणजे हौसेरावांची थोरली बहीण. भावकीतलं एकही लग्न तिने नीट पारखून घेतल्याशिवाय लागत नसे. ती कोरेगावाहून एसटीने आली, चहा प्यायली, लॅपटॉपमधल्या आंद्रिसकडे एकदा वरून खालपर्यंत पाहून घेतलं आणि म्हणाली, "पाव्हणं, देवक काय तुमचं?"

जाईने समजावलं. देवक म्हणजे कुळाची खूण, बहुतेक एखादं झाड. कुणाचा वड, कुणाचं मोराचं पीस. जाईच्या घराचा कळंब. लग्नाआधी त्या झाडाची फांदी वाजतगाजत आणायची, आईवडिलांनी तिची पूजा करून बसवायची, मग पुढचं सगळं. दोघांचं देवक एकच निघालं तर ती भावंडं, लग्न बाद.

आंद्रिसने 'एक मिनिट' म्हणून आईला फोन लावला. एक मिनिटाचा अर्धा तास झाला. मग त्याने जाईला इंग्रजीत सांगितलं की त्यांच्या शेतावर पणजोबांनी लावलेलं ओकचं झाड आहे. घरात काही बरंवाईट झालं, की आई त्या झाडाला जाऊन सांगते. जाईचंही सांगितलंय.

"काय म्हणालं झाड?" वेणूबाईने विचारलं.

"काही नाही म्हणालं," जाईने त्याला विचारून सांगितलं.

"मंग पसंत हाय." वेणूबाईने पदर खोचला. "झाडाला जाऊन सांगत्यात म्हंजी माणसं चांगली. आपला कळंब, त्यांचा ओक. जमलं. फकस्त फांदी त्याच झाडाची पायजे."

"आत्या, झाड लाटव्हियात आहे," निशांत म्हणाला.

"नवरा आणताय न्हवं तिकडनं? मंग त्याला फांदी जड झाली व्हय?"

इथे एखाद्या साध्या जोडप्याने फांदी कपड्यांत गुंडाळून बॅगेत टाकली असती आणि ती पकडली तरी गेली असती किंवा सुटली तरी असती. पण हे दोघंही मालवाहतुकीतले. आंद्रिसचा बॅगेवर विश्वास नव्हता, कंटेनरवर होता. त्याने फांदीसाठी लाकडी पेटी करवून घेतली, तिच्यावर आईच्या हातची लाल-पांढरी नाडी बांधली, आणि पेटी पुढच्याच कंटेनरात ठेवून दिली. शिवाय खरं लिहायची त्याला वाईट सवय होती. मालाच्या वर्णनात त्याने लिहिलं: पीट, वीस टन. ओकची फांदी, एक. उपयोग: देव.

जाईने ते वाचलं तेव्हा जहाज निघालेलं होतं.

"आंद्रिस, परमिट न घेता?"

"मला वाटलं, तू करशील."

"मला वाटलं, तू विचारशील."

जगातल्या बहुतेक अडकलेल्या कंटेनरांची गोष्ट एवढीच असते, हे जाईला ठाऊक होतं. फक्त यावेळी कंटेनरात तिचं लग्न होतं.

जहाज उशिरा लागलं. कंटेनर बंदरातून उरण रस्त्यावरच्या एका यार्डात आला आणि तिथे थांबला. रोज उद्या, रोज उद्या. असं करत लग्नाचा दिवस उजाडला. रिसॉर्टवर भावकी उतरली होती, हळद लागली होती. आंद्रिसचे आईवडील, दोघंही सहा फुटी आणि दोघंही न बोलणारे, केळीच्या खांबांशेजारी खांबांसारखे उभे होते. जाई हळदीच्या अंगाने स्कूटी काढून यार्डात गेली.

झाडपाल्याची तपासणी करणारे नंदकुमार साहेब हा एक सौम्य मनुष्य होता. नाही म्हणताना त्यांना त्रास व्हायचा, पण म्हणायचे.

"मॅडम, परदेशी फांदी, परमिट नाही. सोडता येत नाही हो. आज संध्याकाळी माझ्यासमोर जाळायची आहे. मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये."

हेच वाक्य जाईने स्वतः कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं, आणि वर 'नियम आहे, सर' असंही म्हटलं होतं.

रजिस्टर लग्न काय, कधीही करता आलं असतं. बेलापूरला जायचं, सही ठोकायची. तिला ते नको होतं. बापाने भावकीसमोर तिचा हात आंद्रिसच्या हातात द्यायला पाहिजे होता, बस. आणि काल हळदीला हौसेराव हळूच म्हणाले होते, "जाई, देवक बसल्याबिगर मला न्हाय जमायचं बघ. वेणूअक्काचं सोड, मलाच न्हाय जमायचं." ते रागाने म्हणाले असते तर ती भांडली असती. ते ओशाळून म्हणाले होते.

तिने फोन लावला. "पप्पा, नाही सोडत फांदी. जाळणार आहेत."

पलीकडे हौसेराव समुद्राच्या आवाजावरून ओरडून बोलत होते.

"कुठं जाळणार?"

"इथंच, यार्डात."

"कवा?"

"संध्याकाळी."

"मुहूर्त बी संध्याकाळचाच हाय," हौसेराव म्हणाले. "मला सांग, देवक आपल्याकडं चालत येतं, का आपण जातो आणायला?"

"आपण जातो."

"कसं जातो?"

"वाजतगाजत."

"मंग थांब तिथंच. आलो."

'आलो' म्हणजे ते स्वतः, असं जाईला वाटलं. उन्हं कलताना यार्डाच्या गेटवर पाहिलं तर चार बसेस, मंडपाचं सामान घातलेला टेम्पो, केळीचे खांब, आचारी आपल्या पातेल्यांसह, आणि सगळ्यांच्या पुढे कोपरखैरण्याशेजारच्या बोनकोड्याची बँजो पार्टी.

"ताई, आमी हलदीला वाजवतो, साखरपुऱ्याला वाजवतो," बँजोवाला तिला म्हणाला. "गोदामान पयल्यांदाच. काय वाजवू?"

"आधी थांबा," जाई म्हणाली आणि यार्डाच्या मॅनेजर मॅडमकडे धावली.

मॅडमनी खिडकीतून बाहेर पाहिलं, मग भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. "लग्न करू नये असं काही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हेल्मेट आणि जॅकेटशिवाय आत येऊ नये, असं लिहिलंय."

त्यामुळे साताऱ्याची सबंध भावकी नऊवाऱ्या आणि सफाऱ्यांवर चमकणारी भगवी जॅकेटं घालून रांगेत उभी राहिली. आंद्रिसच्या फेट्यावर हेल्मेट बसेना, म्हणून हेल्मेटवर फेटा बांधला. मुंडावळ्या हेल्मेटच्या पट्ट्याला अडकवल्या. जाईची आई सत्यभामा जाईच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट बसवत म्हणाली, "हळदीला मॅच होतंय," आणि डोळे पुसले.

पण वरात हलेना. गेटसमोर ट्रेलर एकाला एक चिकटून उभे होते. निशांतने हात जोडून पाहिले, बँजोवाल्याने वाजवून पाहिलं. ड्रायव्हर लोक वाकून वरातीचे व्हिडिओ काढत होते, गाडी कुणी काढत नव्हतं.

तेव्हा आंद्रिस पुढे झाला. पहिल्या ट्रेलरच्या दारावर त्याने थाप मारली, कंबरेवर हात ठेवला आणि हुबेहूब जाईच्या सुरात म्हणाला, "ए भाऊ, गाडी मागं घे. तुझ्या एकट्याचा रस्ता आहे का? घे मागं. अजून. अजून. बस्स."

हेल्मेटवर फेटा बांधलेला गोरा माणूस इतक्या अधिकाराने बोलतोय म्हटल्यावर ड्रायव्हरने निमूट रिव्हर्स टाकला. त्याच्या मागच्याने टाकला. बायबलातल्या लाल समुद्राने वाट दिली तशी लाल-निळ्या ट्रेलरांनी वाट दिली.

हौसेराव बघत होते. "मार्केटात चालंल हे पोरगं," ते सत्यभामेला म्हणाले. त्यांच्या तोंडून जावयाचं एवढं कौतुक याआधी कुणी ऐकलं नव्हतं, कारण जावई नव्हता.

शेडमध्ये नंदकुमार साहेब फांदी घेऊन उभे होते. त्यांची अट एकच: फांदी प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघणार नाही, आणि राख होईपर्यंत ती त्यांच्या नजरेआड जाणार नाही. वेणूबाईने पिशवीलाच हळदकुंकू लावलं. आंद्रिसचे आईवडील पाटांवर बसले. आईने पिशवीजवळ तोंड नेऊन आपल्या भाषेत बराच वेळ काहीतरी सांगितलं. काय ते कुणाला कळलं नाही. वेणूबाई मात्र मध्येमध्ये "व्हय, व्हय" म्हणत होती.

देवक बसलं.

"आणि हे जाळायचं?" वेणूबाईने साहेबांना विचारलं.

"नियम आहे, आजी."

"आमचा बी नियम हाय. लगीन लागल्यावर देवक उठिवत्यात. उठिवलं की ती नुसती फांदी. फांदीचं काय करायचं त्ये तुमी बघा."

दोन्ही नियम एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग भटजी खाकरले आणि म्हणाले की होमाला समिधा लागतातच.

मंगलाष्टकं कंटेनरांच्या भिंतींवर आदळून दोनदोनदा ऐकू आली. अक्षता टाकायच्या आधी नंदकुमार साहेबांनी "तांदूळ इथलाच ना?" एवढं विचारून घेतलं आणि मग स्वतःही टाकल्या. जाईने अंतरपाटाच्या वरून बापाकडे पाहिलं. हौसेरावांचं हेल्मेट डोळ्यांवर घसरलं होतं आणि ते सरळ करत नव्हते.

मग ते पुढे आले. त्यांनी जाईचा हात उचलला, आयुष्यभर पोती उचललेल्या हातांत तो क्षणभर तोलून धरला, आणि आंद्रिसच्या हातात ठेवला. भावकी कान टवकारून होती. हौसेरावांनी हेल्मेट सरळ केलं.

"भाऊ," ते जावयाला म्हणाले, "आता गाडी मागं घेऊ नका."

"नाही घेणार, पप्पा," आंद्रिस म्हणाला. हे वाक्य त्याने जाईच्या ट्रेलरवाल्यांच्या फोनवर कधी ऐकलं नव्हतं.

वेणूबाईने देवक उठवलं. साहेबांनी चिमट्याने पिशवी उघडली. ओकची फांदी होमात पडली, तडतडली, चांगली पेटली, आणि जाई-आंद्रिस तिच्याभोवती फिरले. राख होईपर्यंत नजर हटवायची नसल्याने साहेब प्रत्येक फेऱ्यात त्यांच्या मागोमाग होते, त्यामुळे लग्नाच्या एकूण एक फोटोत ते आहेत. लाटव्हियात आजही ते नवरीचे मामा म्हणून ओळखले जातात.

उरणच्या रिसॉर्टवर स्टेज रात्रभर रिकामं उभं राहिलं. वेडिंग मात्र आपल्या डेस्टिनेशनला पोचलं होतं.

पंगत कंटेनरांच्या आडोशालाच बसली. साहेब दुसरी जिलेबी नको म्हणत असताना वेणूबाई त्यांच्या शेजारी येऊन बसली. धुराने त्यांचे डोळे अजून लाल होते.

"लगीन झालंय का तुमचं?"

"नाही, आजी. बदल्या फार होतात."

वेणूबाईने त्यांच्या पानात तिसरी जिलेबी वाढली. कोरेगावला तिची पुतणी गीतांजली शेतकी शाखा शिकून घरी बसली होती. तिलाही किडकी पानं ओळखता यायची.

"बरं," ती म्हणाली. "देवक काय तुमचं?"

"पंचपल्लव," साहेब बेसावधपणे म्हणाले.

"पाच झाडांची पानं व्हय. हितंच मिळतं समदं," वेणूबाई म्हणाली, आणि निशांतला हाक मारून साहेबांचा नंबर घ्यायला सांगितला.