मला दिशा कळत नव्हती

मित्रांनो, मी एक जुने बेअरिंग आहे. वयाने म्हणाल तर तसे तरणेच, पण बदनामीने अकाली म्हातारे झाले. सध्या गोदामामागच्या भंगाराच्या पिंपात पडून आहे.

फिरता दांडा पेलणे हे आमचे पिढीजात काम. माझ्या पोटात मात्र एक सेन्सरही होता. दांडा किती वेगाने फिरतो, ते तो तारेतून कळवत असे. आमच्यात दोन प्रकार असतात. एक नुसता वेग सांगतो. दुसरा दांडा सुलटा फिरतोय की उलटा, तेही सांगतो. मी पहिल्यातले.

गोदामात गोण्या वरच्या मजल्यावर नेणारा एक तिरका पट्टा आहे. त्याच्यासाठी बेअरिंग निवडताना इंजिनिअरबाई म्हणाल्या, "साहेब, चढावरचा पट्टा आहे. दिशा सांगणारं घेऊ या."

"वेग कळला की झालं," साहेब म्हणाले. "पट्टा काय उलटा पळणार आहे? हे आजच मिळतंय, बसवून टाका."

बाई गप्प बसल्या आणि माझी निवड झाली.

खाली पट्ट्यावर गोण्या चढवायला एक मावशी असत. पूर्वी त्या दर गोणीमागे मान वर करून पट्ट्याकडे बघत. मी आल्यावर त्यांनी ते सोडले. "तो बसलाय ना वर लक्ष ठेवायला," असे म्हणत. वेग फार वाढला की भोंगा वाजे आणि ब्रेक लागे. आल्यागेल्या पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत.

एके दुपारी मोटरची साखळी तुटली आणि भरलेला पट्टा उलटा धावू लागला. मी इमानाने वेग कळवत राहिले. वेग नेहमीचाच, म्हणून भोंगा गप्प. तो फार वाढला तेव्हा कुठे भोंगा वाजला. तोवर गोण्या मावशींच्या अंगावर कोसळल्या होत्या.

"सेन्सरनेच दगा दिला," साहेबांनी चौकशीत सांगितले. बाईंनी मान खाली घातली, अवाक्षर काढले नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय! मला हातोड्याने ठोकून काढले, त्याचे इतके लागले नाही. माझ्या जागी दिशा सांगणारे बेअरिंग आठवड्याभरात आले.

पुढे मावशी आपले सामान न्यायला आल्या. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. कुबडी टेकून पिंपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मेल्या, एक हाक मारायची होतीस."

मित्रांनो, आम्हाला स्वच्छ ठेवा, वेळेवर ग्रीस द्या. पण कामाला जुंपण्याआधी आम्हाला काय येत नाही, तेही विचारा. आणि ज्याला ते ठाऊक आहे, त्याने गप्प बसू नये. ती हाक मला येतच नव्हती, हे मावशींना अजून कोणी सांगितलेले नाही.